खीर, खलबत्ता आणि मान डोलावणारं विमान

विमान सरळ कसं उडवायचं हे शिकवायला फारशी अक्कल लागत नाही, कारण विमानाला मुळात सरळच उडायचं असतं. ते मुद्दाम वाकडं कसं उडवायचं हे शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आधी कॅनडात एडमंटनला आणि नंतर हॅमिल्टनच्या पश्चिमेला शेतांमध्ये असलेल्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात मी इन्स्ट्रक्टर होते. मूळची नाशिकची. लग्नात, बारशात कुणी विचारलं की तुम्ही काय करता, आणि मी खरं सांगितलं, की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकून माझ्याकडे नव्यानं बघायचा. मग हमखास पुढचा प्रश्न यायचा, "म्हणजे टोरंटो-मुंबई?" नाही हो. चार माणसांचं, एका इंजिनाचं, हिवाळ्यात दार नीट न लागणारं विमान. आपल्या जुन्या मारुतीला पंख लावले तर कसं दिसेल, तसं.

अशा विमानाला उतरवताना खरी अडचण उंचीची असते. तुम्ही धावपट्टीच्या फार वर आलात आणि नाक खाली घातलंत तर उंची जाते, पण वेग वाढतो. वेग वाढला की विमान खाली टेकायलाच तयार होत नाही, तरंगत तरंगत धावपट्टीच्या पलीकडच्या मक्यात जातं. म्हणजे उंची तर गमवायची, पण वेग कमवायचा नाही. त्याला दोन उपाय आहेत. पहिला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या फळ्या. त्या खाली सोडल्या की विमान हळू आणि तिरपं उतरतं. दुसरा उपाय जुना, त्याला आम्ही स्लिप म्हणतो. डावा पंख खाली झुकवायचा आणि त्याच वेळी पायानं उजवं पेडल दाबायचं. विमान जातं धावपट्टीकडेच, पण अंग वाऱ्याला आडवं धरून. तुम्ही घराचं बेसमेंट नीट करायला घेतलं असेल आणि भिंतीला लावायची ड्रायवॉलची मोठी पाटी दुकानातून गाडीपर्यंत वाऱ्यात नेली असेल, तर हे लगेच कळेल. कड वाऱ्याकडे असली तर काही वाटत नाही, आडवी झाली की वारा तुम्हाला जागेवर धरतो.

एडमंटनला मला शिकवणारे रॉय नावाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या विमानाला फ्लॅप नव्हतेच. फ्लॅप म्हणजे शहरी लोकांचे लाड, असं त्यांचं मत होतं. बर्फानं पांढऱ्या झालेल्या शेतावर ते विमान असं आडवं धरून उतरवायचे की मी डाव्या खिडकीतून धावपट्टी बघत असायची आणि समोरच्या काचेतून कुणाचं तरी धान्याचं कोठार दिसत असायचं. पहिल्या खेपेला मी डोळे मिटले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "डोळे मिटल्यावर जास्त नीट दिसतं का?"

आता मुद्द्याचं. हे दोन्ही उपाय एकाच वेळी केले तर काय होतं? पूर्ण फ्लॅप सोडलेत आणि वर स्लिपही केली तर? आमच्या विमानात फ्लॅपच्या खटक्याजवळ एक छोटी पाटी होती. पूर्ण फ्लॅप असताना स्लिप टाळावी, असा तिचा मतलब. कारण असं की फ्लॅपवरून खाली ढकललेली हवा मागे शेपटीवर जाते. विमान आडवं असलं की ती हवा शेपटीला कधी लागते, कधी चुकते. मग विमानाचं नाक आपलं आपण वरखाली व्हायला लागतं. तुम्ही हातातलं चाक घट्ट धरलेलं असतं, तरी. हो, हो, हो, अशी मान डोलावतं ते. आमच्या क्लबात मराठी पोरं बरीच यायची, हॅमिल्टनहून, टोरंटोजवळच्या वॉनहून. त्यांच्यातच कुणीतरी या प्रकाराला 'नंदीबैल' नाव ठेवलं आणि ते इतकं रुजलं की पुढे गोरे विद्यार्थीही 'नॅन्डी' म्हणू लागले.

उंच हवेत नंदीबैल भेटला तर गंमत असते. स्लिप सोडली की तो शहाण्यासारखा उभा राहतो. जमिनीजवळ भेटला आणि चालवणारा दचकला तर मात्र दचकण्यानंच घात होतो. म्हणून मी प्रत्येकाला वर नेऊन तो दाखवायचा प्रयत्न करायची. पण वेग, वजन आणि आडवेपणा हे सगळं जुळून आल्याशिवाय तो येत नाही. पाहुण्यांसमोर पोराला 'कविता म्हणून दाखव' म्हटलं की ते जसं मुकं होतं, तसं आमचं विमान नेमकं त्या दिवशी आदर्श वागायचं. वॉनचा एक पुणेकर सॉफ्टवेअरवाला तर मला म्हणाला होता, "ताई, तुम्ही हे आम्हाला घाबरवायला तयार केलेलं फीचर आहे."

प्रशांत गजभियेच्या वेळी मात्र तो न बोलावता आला.

प्रशांत नागपूरचा. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटरचं काम करायचा, संध्याकाळी आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या असोसिएशनचे कार्यक्रम उभे करायचा. कामाचा पक्का, बोलायला कमी. त्याचा भरवसा आकड्यांवर. समोरच्या काट्यानं वेग इतका सांगितला की तो तितकाच. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, पूर्ण फ्लॅप, उंची जास्त, त्यानं स्लिप केली. आता यात आणखी एक खोड आहे. वेगाच्या काट्याला स्थिर हवेचा अंदाज देणारं भोक विमानाच्या डाव्या अंगाला असतं. डावं अंग वाऱ्यात धरलं की वारा थेट त्या भोकात शिरतो आणि काटा खोटं बोलतो, आहे त्यापेक्षा कमी वेग दाखवतो. प्रशांतनं काटा पडताना बघितला आणि त्याच क्षणी नाकानं एक हलकी मान डोलावली. त्याला वाटलं, आता विमान पडणार. वेग मिळवायला त्यानं चाक सगळ्या ताकदीनं पुढे ढकललं, म्हणजे नाक खाली घातलं. समोर सगळीकडे जमीनच जमीन दिसायला लागली. मी चाक घेतलं, विमान सरळ केलं, वर नेलं. दोघंही ठीक होतो. उतरल्यावर तो बराच वेळ बेल्ट न काढता बसून राहिला.

लायसन्स त्याला पुढे मिळालं, कारण परीक्षेत पूर्ण फ्लॅपवर स्लिप करायला कुणी सांगत नाही. पण त्यानं उडणं सोडल्यातच जमा होतं. आला तरी माझ्याशी कॉफी पिऊन घरी जायचा. मी खूप विद्यार्थी असे गळताना पाहिलेत. त्यांना कुणी हाकलत नाही, ते हळूहळू यायचे बंद होतात. मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि मी ते त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "ताई, हात तुमचा होता म्हणून वाचलो. माझ्या हाताचं काय?"

याचं उत्तर त्याचं त्यालाच मिळायला हवं होतं.

मग त्याची आई आली. उन्हाळ्यात आली आणि ऑक्टोबर संपता संपता परत जाणार होती. गुडघे गेलेले, पुन्हा एवढा प्रवास करणार नाही असं तिनं आल्या दिवशीच जाहीर केलं होतं. पोरगा विमान चालवतो हे तिनं नागपुरात अख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलेलं. आणि इथे येऊन बघते तर पोरगा विमानाचं नाव काढत नाही. ती त्याला एकदाही काही म्हणाली नाही. फक्त दर रविवारी सकाळी तयार होऊन, स्वेटर घालून सोफ्यावर बसायची. हे मला प्रशांतनंच सांगितलं. "विचारत नाही हो ताई, नुसती रेडी होऊन बसते. दॅट्स वर्स."

ऑक्टोबरात असोसिएशनचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, आमच्यापासून पश्चिमेला, गाडीनं बऱ्यापैकी लांब. तिथून जवळच एका ओळखीच्या शेतकऱ्याची गवताची धावपट्टी होती. लहानशी, आणि एका टोकाला मेपलच्या झाडांची रांग. प्रशांतची बायको आणि मुलगी गाडीनं पुढे जाणार, आणि प्रशांत आईला विमानानं आणणार, असं त्यानं ठरवलं. क्लबनं घातलेली अट अशी की ती धावपट्टी माहीत असलेलं कुणीतरी सोबत हवं. म्हणून मी. पण कॅप्टन तो, मी पाहुणी, हे मी आधीच स्पष्ट केलं.

त्या दिवशी सकाळी मावशी, म्हणजे प्रशांतची आई, क्लबात आल्या त्या मांडीएवढा कडीचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून. डब्यात खीर. कार्यक्रमाची खीर मीच करणार, असा त्यांचा हट्ट होता. डबा सामानात ठेवायला त्या तयार नव्हत्या. मागे सामानाच्या कप्प्यात ठेवायची पिशवी मी उचलली, आणि माझा हात खाली गेला.

"प्रशांत, याचं वजन केलं होतंस?"

"घरी केलं ना ताई. वेट अँड बॅलन्स डबल चेक केलंय."

मावशी दुसरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्याच्यानंतर मी एक बारीकशी वस्तू टाकली."

बारीकशी वस्तू टॉवेलात गुंडाळलेली होती. लोखंडी खलबत्ता. नागपुराहून आणलेला. असोसिएशनच्या सेक्रेटरीबाई वेलदोडे मिक्सरमध्ये फिरवतात हे कळल्यापासून मावशींना त्यांची काळजी लागली होती, म्हणून भेट. गाडी तर केव्हाच पुढे निघून गेली होती. प्रशांतनं कपाळाला हात लावला, पण मग खाली बसून पुन्हा सगळा हिशेब केला. मर्यादेत बसत होतं, फक्त वजन मागे सरकलं होतं. खलबत्ता आम्ही मागच्या कप्प्यात पट्ट्यानं जखडून बांधला.

"मागून जड आहे आज. काय फरक पडेल?" मी विचारलं.

"नोज हलकं लागेल. जपून."

"आणि स्लिप?"

"लागणारच नाही ताई. लांबून येऊ, आरामात."

असं म्हणणाऱ्यालाच ती नेमकी लागते, हे मी मनात ठेवलं.

विमानात बसायच्या आधी मावशींनी मला बाजूला घेतलं. इंजिन बंद पडलं तर, पंख तुटला तर, असे प्रश्न मला पाठ होते. त्यांनी त्यातलं एकही विचारलं नाही. म्हणाल्या, "बाई, मले एकच सांगा. नाही जमलं तर वापस फिरता येते ना?"

"येतं मावशी. केव्हाही."

"मंग ठीक आहे." आणि त्या प्रशांतच्या बरोबर मागच्या सीटवर जाऊन बसल्या, डबा मांडीवर. मी म्हटलं, उजवीकडे बसा, बाहेरचं जास्त छान दिसेल. त्या म्हणाल्या, "नाही, मी डायवरच्या मागंच बसते." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

प्रवास सुरेख झाला. खाली सगळं लाल-पिवळं, ऊन कोवळं. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. प्रशांत एकदोनदा म्हणाला, "आई, ते बघ खाली." मागून उत्तर नाही. माइक चालू होता, कारण त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. मी वळून बघितलं तर त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि नजर पोराच्या मानेवर होती. मला वाटलं, घाबरल्या. प्रशांतलाही तेच वाटलं. त्याच्या खांद्यात ताण आलेला मला शेजारून दिसला.

धावपट्टी दिसली. तो ठरल्याप्रमाणे लांबून यायला लागला, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं पूर्ण सोडले. सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं. आणि मेपलच्या अलीकडच्या शेतातून बदकांचा, म्हणजे आपल्या त्या कॅनडा गूजचा, अख्खा थवा उठला. दक्षिणेला निघालेली मंडळी, त्यांनाही आत्ताच निघायचं होतं. प्रशांतनं बरोबर केलं, उतरणं थांबवून त्यांच्या वरून गेला. पण थवा गेला तेव्हा आम्ही झाडांच्या फार वर होतो आणि धावपट्टी जवळ आली होती.

त्यानं क्षणभर विचार केला आणि डावा पंख खाली घातला, उजवं पेडल दाबलं. विमान आडवं झालं, झपाझप उतरायला लागलं. मी माझे हात गुडघ्यांवर ठेवले. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम हेच आहे. हात गुडघ्यांवर ठेवायचे, आणि कधी उचलायचे हे ओळखायचं. लवकर उचलले तर शिकणारा कायमचा पांगळा होतो. उशिरा उचलले तर काय होतं हे सांगायला नको.

काटा पडायला लागला. आणि नाक हललं. खाली, वर. पुन्हा खाली, वर. मागच्या वेळची हलकी मान नव्हे, आज मागे खलबत्ता होता, नंदीबैल चांगला जोरात मान डोलावत होता. माझे हात गुडघ्यांवरून बोटभर उचलले गेले होते. मी प्रशांतच्या हाताकडे बघत होते. तो पुढे ढकलणार का?

नाही ढकललं. काट्याकडे बघितलंही नाही त्यानं.

"ताई, नंदी."

"दिसला."

"वापस जातो."

"तुझं विमान आहे."

त्यानं पेडल सोडलं, पंख सपाट केले. मान डोलणं थांबलं. मग इंजिनाचा थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक हवं तिथं धरून ठेवलेलं, फ्लॅप एकदम नाही, थोडे थोडे वर. खालून धावपट्टी निघून गेली, शेतकरी दारात उभा राहून हात हलवत होता, तोही गेला. आम्ही पुन्हा वर आलो. मी हात गुडघ्यांवर ठेवले. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं. खिडकीतून बाहेर बघत बसले, म्हणजे त्याला दिसू नये.

मागून चकार शब्द नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं मोठा फेरा घेतला, बदकं नव्हती, उंची बरोबर होती, स्लिपची गरजच पडली नाही. मेपलच्या वरून येऊन विमान गवतावर टेकलं, थोडं धडधडलं, थांबलं. प्रशांतनं इंजिन बंद केलं. पंखा फिरत फिरत उभा राहिला. एकदम शांत झालं.

"थांबली का गाडी?" मागून आवाज आला.

"हो आई."

"आता बोलू?"

आम्ही दोघंही वळलो. मावशींच्या मांडीवर डाव्या बाजूला, लुगड्यावर, स्वेटरवर, सीटवर, सगळीकडे खीर. विमान आडवं झालं तेव्हा डब्यातली खीरही आडवी झाली होती आणि झाकणाच्या फटीतून निघाली होती. चांगली गरम असणार, सकाळीच उतरवलेली. वर गेलो, फेरा मारला, खाली आलो, तेवढा सगळा वेळ ती बाई खिरीत बसून होती आणि हूं की चूं केलं नव्हतं.

"आई, अगं भाजलं असेल. बोलली काऊन नाहीस?"

"कशी बोलू? तू चालवत होता." मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावून सांगितलं, जणू मीच विद्यार्थी. "याचे बाबा लाल गाडीवर डायवर होते. त्यांच्या मागंच बसायची मी. गाडीत लिहून राहते ना, चालकाशी बोलू नये. बायको झाली म्हणून काय झालं? घाटात समोरून ट्रक आला, जागा नसली, तर ते गाडी वापस घेत. लोक हसत, शिट्या मारत. त्यांनी कधी लाज नाही केली. मी मागं गप बसून राहायची. मले माहीत राहे, हा माणूस वापस घेतो म्हणजे घरी पोचवतो."

बेल्ट काढायला प्रशांतला या वेळीही वेळ लागला.

"आज भीती नाही वाटली तुम्हाला?" मी विचारलं.

"तो वापस फिरला तेव्हाच भेव गेलं." त्यांनी पदरानं डबा पुसायला घेतला. "बाप दिसला."

तेवढ्यात गाडीनं आलेली नात धावत आली, दार उघडून आत डोकावली. "आजी, व्हाय आर यू ऑल स्टिकी?"

"तुझा बाप चांगला डायवर आहे म्हणून," मावशी म्हणाल्या.

उरलेली खीर सगळ्यांना एकेक चमचा पुरली. खलबत्ता सेक्रेटरीबाईंना मिळाला. मावशी महिनाअखेर नागपूरला गेल्या. प्रशांत आता दर रविवारी उडतो, आणि नव्या विद्यार्थ्यांना नंदीबैल माझ्यापेक्षा चांगला समजावतो, कारण त्याच्यासाठी तो खरंच येतो. विमानाची ती सीट आम्ही किती वेळा धुतली तरी उन्हात तापली की वेलदोड्याचा वास येतो. क्लबातल्या माझ्या शेवटच्या दिवशी मी त्याच सीटवर, मागे, डायवरच्या मागे बसून एक फेरी मारली. प्रशांत चालवत होता. मला त्याला बरंच काही सांगायचं होतं. पंखा थांबेपर्यंत मी गप्प बसले.